त्रिनिदाद-टोबॅगोला जाताना: व्हिसा लागत नाही, पण क्रम चुकला तर विमानही मिळत नाही

त्रिनिदाद-टोबॅगो हा कॅरिबियनमधला दोन बेटांचा देश. माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षं त्रिनिदादमध्ये पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. मी तीनदा जाऊन आले. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, भावाच्या मित्रांचे आईवडील, सगळे निघायच्या आधी मला फोन करतात. बहुतेकांचा फोन येतो तो तिकीट काढून झाल्यावर, आणि तेव्हा मला सांगावं लागतं की तिकीट शेवटी काढायचं होतं.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी तिथे ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हे खरं आहे. पण या एका वाक्यामुळेच माणसं फसतात. भारतातून तिथे थेट विमान नाही. वाटेत ज्या देशात विमान बदलायचं, तो देश तुम्हाला ट्रान्झिट व्हिसा मागू शकतो. आणि परत येताना आपलाच देश पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागतो. पुण्याचं एक जोडपं, दोघंही निवृत्त, मुंबई विमानतळावरून घरी परतलं ते पहिल्या कारणामुळे. बॅगा काउंटरवर ठेवल्या होत्या, आणि तिथे ट्रान्झिट व्हिसा विचारला. ज्यांनी तिकीट काढून दिलं होतं त्यांनी "व्हिसा-फ्री आहे" एवढंच सांगितलं होतं. तिकिटाचे बरेचसे पैसे बुडाले.

म्हणून खालचा क्रम जसाच्या तसा पाळा. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्यावर पैसे खर्च करू नका.

टप्पा १: तारखा ठरवा, पण अजून कुठेही पैसे भरू नका

जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाचा. तिथला पाऊस कोकणासारखा दिवसच्या दिवस लागून राहत नाही. जोरदार सर येते, तासाभरात ऊन पडतं. त्यामुळे पावसाळ्यातही फिरता येतं, फक्त डोंगरातले रस्ते आणि धबधबे यांचा भरवसा धरू नये. देश मुख्य वादळपट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने चक्रीवादळाचा थेट तडाखा क्वचित बसतो. पण जून ते नोव्हेंबर या काळात वर कुठेही वादळ आलं की विमानांची वेळापत्रकं कोलमडतात. या महिन्यांत जाणार असाल तर परतीनंतर लगेच घरात लग्न-मुंज ठेवू नका.

तारीख निवडताना तीन गोष्टी पाहा.

कार्निव्हल हा ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. २०२७ मध्ये तो ८ आणि ९ फेब्रुवारीला येतो. या काळात राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात आणि विमानं महिनोन्‌महिने आधी भरतात. कार्निव्हल बघायचा नसेल तर तो पंधरवडा टाळाच.

कासवं बघायची असतील तर मार्च ते ऑगस्ट. मतुरा आणि ग्रांद रिव्हिएरच्या किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवं रात्री अंडी घालायला येतात. हंगामात मतुराच्या किनाऱ्यावर परवान्याशिवाय जाता येत नाही. वेळासला ज्यांनी कासवं पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: टॉर्च नाही, फ्लॅश नाही, वाळूत धावाधाव नाही.

क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी मैदानाचं नाव नीट वाचावं. १९७१ साली गावसकरांनी जिथे कसोटी पदार्पण केलं ते क्वीन्स पार्क ओव्हल पोर्ट ऑफ स्पेन शहरात आहे. ब्रायन लारा स्टेडियम मात्र तारौबाला, सॅन फर्नांडोजवळ, राजधानीपासून सुमारे ५० किलोमीटरवर. २०२३ च्या दौऱ्यात भारताची कसोटी ओव्हलवर झाली आणि त्रिनिदादमधला एकदिवसीय व टी-ट्वेंटी सामना तारौबाला. "सामना त्रिनिदादला" एवढंच वाचून भलत्या शहरात हॉटेल घेतलेली माणसं मला माहीत आहेत.

तपासा: डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये तिथे गुन्हेगारीमुळे आणीबाणी जाहीर झाली होती. आणीबाणीत पोलिसांचे झडतीचे अधिकार वाढतात. तारखा पक्क्या करण्याआधी आणि निघायच्या आठवड्यात, अशा दोन्ही वेळा ताजी स्थिती पोर्ट ऑफ स्पेनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचनांवरून बघून घ्या.

टप्पा २: रस्ता ठरवा, म्हणजेच ट्रान्झिट व्हिसा ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटाच्या संकेतस्थळावर सगळ्यात स्वस्त पर्याय वर येतो. तुमच्याकडे कोणता व्हिसा आहे हे त्या संकेतस्थळाला माहीत नसतं. म्हणून आधी आपला पासपोर्ट उघडा आणि त्यात काय आहे ते बघा.

*अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर.* रस्ता सोपा आहे. न्यूयॉर्क, मायामी, ह्यूस्टन इथून पोर्ट ऑफ स्पेनला विमानं आहेत. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथल्या इमिग्रेशनमधून जावं लागतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात. त्यासाठी किमान चार तास हाताशी ठेवा. दोन तासांच्या जोडणीचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

*अमेरिकेचा व्हिसा नसेल तर* अमेरिकेमार्गे जाणारं प्रत्येक तिकीट यादीतून काढून टाका. विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसलात तरी व्हिसा लागतोच. फक्त या सहलीसाठी नव्याने अर्ज करणार असाल तर मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने जाऊ शकतात.

*लंडनमार्गे.* मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं, आणि कॅरिबियनला जाणारी बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. म्हणजे तुम्हाला ब्रिटनच्या हद्दीत प्रवेश करून, बॅगा घेऊन, रस्त्याने दुसऱ्या विमानतळावर जायचं आहे. यासाठी लागणारा ट्रान्झिट व्हिसा आणि विमानतळाच्या आतच थांबण्यासाठी लागणारा ट्रान्झिट व्हिसा हे दोन वेगळे प्रकार आहेत. भारतीय पासपोर्टला आतल्या आत विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असलेल्यांना काही अटींवर सूट मिळते. त्या अटी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, आणि त्याचा छापील कागद सोबत ठेवा, कारण मुंबईच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला तो दाखवावा लागू शकतो.

*कॅनडामार्गे* टोरांटोला विमान बदलायचं तर कॅनडाचा व्हिसा किंवा ट्रान्झिट व्हिसा हवा.

*युरोपमार्गे* प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे. "युरोपात आत थांबलं तर काही लागत नाही" हे सरसकट खरं नाही. ज्या विमानतळावर उतरणार त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर भारतीय नागरिकांसाठीचा विमानतळ ट्रान्झिटचा नियम बघा. आणि वाटेत दोन युरोपीय विमानतळ येत असतील, समजा आधी एका देशात आणि मग दुसऱ्यात, तर ते तिकीट शेंगेन व्हिसाशिवाय, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाशिवाय, घेऊ नका. पहिल्या विमानतळावरून दुसऱ्यावर जाताना तुम्ही शेंगेन हद्दीत शिरता.

*पनामामार्गे* जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पनामादेखील भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे, आणि तिथपर्यंत पोहोचायला आधी आणखी एका देशात विमान बदलावं लागतंच. म्हणजे दोन देशांचे नियम तपासायचे.

सावधान: दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करू नका. एक तिकीट मुंबई ते न्यूयॉर्क आणि दुसरं न्यूयॉर्क ते पोर्ट ऑफ स्पेन, असं स्वतः जुळवलं तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यावर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी राहत नाही. सगळा प्रवास एकाच बुकिंग क्रमांकावर हवा.

तपासा: परतीचा रस्ता जातानाच्याच देशांतून आहे का? जाताना एक आणि येताना वेगळा देश असेल, तर त्या देशाचाही नियम बघायचा. परतीचा टप्पा बहुतेक जण पाहतच नाहीत.

टप्पा ३: पिवळ्या तापाची लस

त्रिनिदाद बेट भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना वैध लसीकरण कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. त्रिनिदादमध्ये शिरताना भारतातून आलेल्या प्रवाशाला कार्ड सहसा विचारत नाहीत. त्यामुळे "तिथे तर कोणी विचारलंच नाही" असं म्हणून लोक गाफील राहतात, आणि मुंबईत उतरल्यावर अडकतात.

लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांकडे, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात अशी केंद्रं आहेत. ठरावीक वारी, ठरावीक संख्येनेच लस देतात, कारण एक कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते. आधी नोंदणी करा आणि मूळ पासपोर्ट घेऊन जा.

कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. म्हणून निघायच्या किमान तीन-चार आठवडे आधी लस घ्या. संरक्षण तिथे पोहोचेपर्यंत तयार हवं, नुसतं परतीपर्यंत नव्हे. त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेत, रानात फिरणार असाल तर विशेष.

लहान बाळं, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, आणि साठीच्या पुढचे लोक यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलायचं आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे, "टोचून टाकू" असं म्हणण्यासारखी नाही. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने लस नको म्हटलं तर तसा रीतसर दाखला घ्या. पण दाखला असला तरी परतल्यावर विलगीकरण टळेलच असं नाही, हे गृहीत धरून जायचं की नाही ते ठरवा. माझ्या आईचं वय आणि तब्येत बघून आम्ही तिला नेलं नाही. वाईट वाटलं, पण तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तपासा, केंद्रावरून बाहेर पडायच्या आधी: कार्डावरचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न्‌ अक्षर जुळतं का, पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का, तारीख, शिक्का आणि सही आहे का. नंतर पासपोर्ट नूतनीकरण झाला तर जुना पासपोर्ट कार्डाबरोबर ठेवा, कारण कार्डावर जुना क्रमांक असतो.

टप्पा ४: आता तिकीट, मग मुक्काम

ट्रान्झिटचा प्रश्न सुटला आणि लशीची तारीख मिळाली, की तिकीट काढा. जाण्यात सुमारे दीड दिवस जातो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. पहिला दिवस झोपेतच जातो, तो कार्यक्रमात धरू नका. दहा रात्रींपेक्षा कमी वेळासाठी एवढा प्रवास करू नये असं माझं मत आहे. सहा-सात रात्री त्रिनिदाद आणि तीन टोबॅगो, हा हिशोब जमतो.

मुक्काम निवडताना फक्त फोटो बघू नका. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सेंट क्लेअर, वुडब्रुक, मरावाल हे भाग बाहेरच्या माणसाला सोयीचे. लाव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स आणि शहराचा पूर्व भाग इथे मुक्काम करू नका आणि तिथून पायीही जाऊ नका. मंदिरं, भारतीय वस्ती, मध्य आणि दक्षिण त्रिनिदाद बघायचं असेल तर चगुआनस किंवा सॅन फर्नांडोजवळ दोन रात्री काढा.

शेजारची बेटं "जाता जाता" करण्याचा मोह होतो. बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुसिया हे सगळे स्वतंत्र देश आहेत. प्रत्येकाचं इमिग्रेशन वेगळं, विमानभाडं वेगळं आणि महाग. पहिल्या खेपेला एकच देश करा.

टप्पा ५: कागदांची पिशवी

मोबाइलवर सगळं आहे असं म्हणू नका. मोबाइल बंद पडतो, विमानतळाचं वाय-फाय चालत नाही. छापील प्रती एका पारदर्शक पिशवीत, हातातल्या बॅगेत ठेवा. मला लागलेले कागद हे:

- पासपोर्ट, परतल्यानंतरही किमान सहा महिने वैध असलेला
- परतीचं तिकीट
- मुक्कामाचा पूर्ण पत्ता आणि फोन. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं साधं निमंत्रणपत्र
- बँक खातेउतारा किंवा परकीय चलनाच्या कार्डाची पावती
- प्रवास विमा, रुग्णालय खर्च धरून
- पिवळं कार्ड, म्हणजे पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड
- नियमित औषधांची चिठ्ठी, औषधं मूळ पाकिटातच

आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा आहे की विमानात कागदावर, हे निघायच्या आठवड्यात तिथल्या सरकारी संकेतस्थळावर बघा. पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळावर भरू नका.

टप्पा ६: पैसे

चलन त्रिनिदाद अँड टोबॅगो डॉलर, बोलीभाषेत टी-टी. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात टी-टी मिळतात. रुपये तिथे बदलत नाहीत. इथूनच अमेरिकी डॉलरचं कार्ड आणि थोडी रोकड न्या. एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. एवढ्यांची गरज नाही, तीन-चारशे पुरतात.

परत येताना उरलेले टी-टी डॉलर तिथल्या बँका सहज बदलून देत नाहीत, कारण देशात परकीय चलनाची टंचाई आहे. म्हणून थोडे थोडे बदला. आणि कोणी "हंड्रेड" म्हणालं की लगेच विचारा: टी-टी की यूएस?

टप्पा ७: बॅग भरताना

*लष्करी छापाचा कपडा, टोपी, पिशवी काहीही नेऊ नका.* नागरिकांनी कॅमोफ्लाज वापरणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, आणि लहान मुलांच्या चड्डीलाही अपवाद नाही. आपल्याकडे मुलांच्या कपड्यांत तो छाप सर्रास असतो, म्हणून बॅग बंद करण्याआधी पुन्हा बघा. माझ्या भाच्याची पाण्याची बाटली ठेवायची पिशवी तशा छापाची होती. ती मी ऐन वेळी दाराशीच काढून ठेवली.

वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकी चपट्या पिनांचे. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, फक्त ॲडॅप्टर हवा. आपला मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची कांडी तिथे नीट चालत नाही. तिथे राहणाऱ्या लेकीसाठी मिक्सर घेऊन जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगते.

खाऊ न्यायचा तर बंद पाकिटातला, कोरडा: चकली, भाजणी, मसाले. ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं, रोपं, मांस नेऊ नका. जे न्याल ते कस्टम्सच्या अर्जात लिहा. हळद-जिरं न्यायची गरज नाही. तिथे प्रत्येक दुकानात मिळतं, फक्त हळदीला "हर्दी" आणि जिऱ्याला "गीरा" म्हणतात.

डासांचं मलम भरपूर घ्या. डेंग्यू तिथे आहे.

टप्पा ८: पियार्को विमानतळावर उतरल्यावर

इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो: किती दिवस, कुठे राहणार, काय काम. उत्तर थोडक्यात द्या आणि पत्ता वाचून दाखवा. आधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणा. हे नुसतं शिष्टाचार म्हणून सांगत नाही. त्रिनिदादमध्ये दुकानात, टॅक्सीत, कार्यालयात नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजतात. आणि रात्री भेटल्यावर "गुड नाइट" हेच अभिवादन आहे. पहिल्या खेपेला मला वाटलं दुकानदार मला निरोपच देतोय, आणि मी वळून चालू लागले होते.

तपासा, खिडकीपासून हलण्याआधी: शिक्क्यावर लिहिलेली मुक्कामाची शेवटची तारीख वाचा. ९० दिवसांपर्यंत परवानगी म्हणजे प्रत्येकाला ९० दिवस असं नाही. अधिकारी कमी दिवस देऊ शकतो. तारीख परतीच्या तिकिटाआधीची असेल तर तिथेच, नम्रपणे, तिकीट दाखवून सांगा.

विमानतळावर सिम घ्या. डिजिसेल आणि बीमोबाइल या दोन मुख्य कंपन्या आहेत, पासपोर्ट लागतो. टॅक्सी विमानतळाच्या अधिकृत रांगेतूनच घ्या आणि बसण्याआधी भाडं ठरवा. शहर पंचवीस-एक किलोमीटरवर आहे, पण सकाळी शहराकडे आणि दुपारी तीननंतर शहराबाहेर एवढी कोंडी होते की वेळेचा अंदाज दुप्पट धरा.

टप्पा ९: रोजचं फिरणं

मॅक्सी-टॅक्सी म्हणजे पांढऱ्या मिनीबस. त्यांच्या अंगावरचा पट्टा मार्ग सांगतो. पिवळा पट्टा पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे अरिमापर्यंत, हिरवा चगुआनस-सॅन फर्नांडोकडे. काळा आणि तपकिरी दक्षिणेतल्या मार्गांचे, निळा टोबॅगोचा. राजधानीतला मोठा तळ म्हणजे सिटी गेट. सुट्टे पैसे हातात ठेवा.

साध्या मोटारीही टॅक्सी म्हणून धावतात. त्यांची पाटी बघायची: "एच" अक्षराने सुरू होणारी पाटी म्हणजे परवानाधारक. "पी" पाटीची खासगी गाडी कोणी कितीही प्रेमाने थांबवली तरी बसू नका. अंधार पडल्यावर ओळखीचा चालक किंवा हॉटेलने बोलावलेली गाडीच वापरा.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी: रस्त्याची डावी बाजू, आपल्यासारखीच. पण पूर्व-पश्चिम जाणारा "प्रायॉरिटी बस रूट" हा रिकामा, गुळगुळीत रस्ता बघून त्यावर वळू नका. तो बस आणि मॅक्सींसाठी राखीव आहे, दंड होतो.

ठिकाणांचा क्रम मी असा लावते. कारोनीच्या पाणथळीतली बोट दुपारी चारच्या सुमारास निघते, कारण लाल शराटी पक्षी संध्याकाळी झाडांवर परततात. सकाळी जाऊन उपयोग नाही. त्याच दिवशी दुपारी आधी वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर आणि कारापिचायमाचं दत्तमंदिर व तिथली ८५ फुटी हनुमानमूर्ती करता येते, कारण हे सगळं मध्य त्रिनिदादमध्ये एका बाजूला आहे. ला ब्रेचं डांबराचं तळं म्हणजे पिच लेक दक्षिणेत, त्याला वेगळा दिवस. तिथे केंद्रावरचा अधिकृत मार्गदर्शक घ्याच. वरून टणक दिसणारा पृष्ठभाग काही ठिकाणी मऊ असतो. पाय हळूहळू आत जायला लागतो, आणि चप्पल तिथेच राहते.

मराकसच्या किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. ओढ जबरदस्त असते. किनाऱ्यांवर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मॅन्चिनीलचं झाड दिसलं तर फळाला हात लावू नका आणि पावसात त्याखाली उभे राहू नका. त्याचा चीक कातडी भाजतो.

आणीबाणीचे क्रमांक: पोलीस ९९९, अग्निशमन ९९०, रुग्णवाहिका ८११. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच साठवा.

टप्पा १०: शाकाहारी माणसाने काय खावं

इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण घाबरून पंधरा दिवसांचे ठेपले घेऊन जाणारे लोक उगाच ओझं वाहतात.

सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्सची गाडी लागते. गाडीवाला कागदावर दोन मऊ, पिवळसर "बारा", म्हणजे तळलेल्या पुऱ्या, एकमेकांवर थोड्या सरकवून ठेवतो, त्यावर चण्याचा पातळसर रस्सा, काकडीची चटणी, चिंच, आणि मग हात थांबवून बघतो: "पेपर?" म्हणजे मिरची घालू का? "स्लाइट", म्हणजे थोडीशी, म्हणा. तो कागदाला दोन टोकांनी पीळ देतो आणि हातात देतो. उभं राहूनच खायचं. तिथली मिरची आपल्या लवंगी मिरचीला मागे टाकते, म्हणून पहिल्या दिवशी "स्लाइट"च. डबल्स पूर्ण शाकाहारी असतात.

न्याहारीला साडा रोटी आणि बैंगन चोका मागा. चोका म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीतच, वर लसणाची फोडणी. रोटीच्या दुकानात दालपुरी किंवा बस-अप-शट (चुरलेला मऊ पराठा), सोबत आलू, चना, भोपळा, चवळीच्या लांब शेंगांची "बोडी" आणि "भाजी" म्हणजे पालेभाजी. सगळी नावं ओळखीची वाटतील.

सावधान: कलालू ही हिरवी पालेभाजीची आमटी दिसायला शाकाहारी असते, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस अनेकदा असतं. "व्हेज आहे का" एवढं विचारू नका. "नो मीट, नो फिश, नो क्रॅब" असं एकेक करून विचारा. रोटीच्या दुकानात एकच डाव सगळ्या भांड्यांत फिरतो, त्याची अडचण असेल तर आधी सांगा. ते वेगळा डाव घेतात, मी अनेकदा मागितला आहे.

टप्पा ११: टोबॅगो

टोबॅगो हे वेगळं बेट आहे, त्रिनिदादचा किनारा नव्हे. "एका दिवसात टोबॅगो करून येऊ" हा बेत सोडा. विमान २०–२५ मिनिटांचं आहे. फेरी पोर्ट ऑफ स्पेनहून स्कारबरोला जाते, तिला तीन ते चार तास लागतात आणि बेटांमधला समुद्र खवळलेला असतो. बोट लागणाऱ्यांनी जाताना विमानच घ्यावं. सुट्ट्यांच्या दिवसांत दोन्हीची तिकिटं संपतात, म्हणून हे बुकिंग मुंबईतूनच करा. देशांतर्गत प्रवास असला तरी पासपोर्ट सोबत हवा.

तपासा: टोबॅगोहून परतणं आणि मायदेशाचं विमान यांच्यात एक पूर्ण रात्र त्रिनिदादमध्ये ठेवा. फेरी रद्द होते, विमान उशिरा सुटतं, आणि त्याच दिवशीचं आंतरराष्ट्रीय विमान चुकतं. माझ्या ओळखीचं एक कुटुंब असंच अडकलं. दोन रात्रींचं हॉटेल आणि नवं तिकीट खिशातून गेलं.

बको रीफ या प्रवाळाच्या भागात काचेच्या तळाच्या बोटीतून नेतात आणि मध्ये "नायलॉन पूल" नावाच्या समुद्रातल्या उथळ जागी कमरेएवढ्या पाण्यात उतरवतात. प्रवाळावर उभं राहू नका, तुकडा उचलू नका.

टप्पा १२: परतीचा दिवस

पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत आहे का, हे हॉटेलच्या खोलीतच बघा. मोठ्या बॅगेत गेलं तर उपयोग नाही, कारण आरोग्य तपासणीचं टेबल बॅगांच्या पट्ट्याच्या आधी लागतं. उरलेले टी-टी डॉलर विमानतळावर खाऊ-मसाल्यात संपवा. अमेरिकेमार्गे येत असाल तर द्रवरूप लोणचं, पेपर सॉस हे सगळं मोठ्या बॅगेत, कारण तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते.

मुंबईत उतरल्यावर विमानातून बाहेर येताच, इमिग्रेशनच्या रांगेकडे जाण्याआधी, आरोग्य अधिकाऱ्यांचं टेबल शोधा. कोणी हाक मारायची वाट बघू नका. "त्रिनिदादहून येतोय" असं स्वतःहून सांगा, पासपोर्ट आणि कार्ड एकत्र पुढे करा. मागच्या वेळी माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांचं कार्ड नागपूरच्या घरी कपाटात होतं. त्यांची बायको तिथूनच शेजाऱ्यांना फोन लावत होती, किल्ली कुठे आहे ते सांगत होती. मी माझं कार्ड दाखवलं, दोन मिनिटांत पुढे गेले, आणि ती दोघं तिथेच बाकावर बसलेली होती.